मेजावरील रणांगण आणि पराभूतांचा इतिहास



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याकडे इतिहास शिकण्याचे भाग्य मला याच शाळेत लाभले. पुढे मीही तोच विषय तीस वर्षे शिकविला. त्यामुळे या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. गुरुजींच्या नावे होणाऱ्या व्याख्यानात आपल्या विद्वत्तेचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा आपल्या हातून झालेल्या एका चुकीची कबुली द्यावी, असे मी मनाशी ठरविले. ती चूक माझ्या ध्यानात आली ती एका खेळामुळे. म्हणून आजचा विषय खेळाचा आहे. पण खेळ संपल्यानंतर जे हाती उरते, ते इतिहासाचे आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. बेळगावात दिवाळी म्हणजे किल्ला, हे आपणांस सांगावयास नको. आम्ही मुले दगड-विटा रचून, त्यांवर चिखल लिंपून, मोहरी-अळीव पेरून किल्ला करीत असू आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करीत असू. एके वर्षी गुरुजी आमचा किल्ला पाहावयास आले. तट, दरवाजा, पाण्याचे टाके सर्व त्यांनी बारकाईने न्याहाळले आणि विचारले, "वेढा घालणारे कोठे आहेत?" आम्ही गप्प. सर्वांनाच मावळा व्हावयाचे होते. पायथ्याशी बसावयास कोणी तयार नव्हते. गुरुजी म्हणाले, "पुढच्या वर्षी तू खालची छावणी कर. ते किती आहेत, काय खातात, पाणी कोठून आणतात, हे मला सांग." मला तो त्या वेळी अपमान वाटला. त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला साठी गाठावी लागली.

एक

माझा पुतण्या नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे इंग्लंडात होता. परत आला तेव्हा त्याने बरोबर एक जड पेटी आणली. तीत सुमारे इंचभर उंचीचे धातूचे शेकडो सैनिक होते, प्रत्येक हाताने रंगविलेला. एका बाजूला रोमन सेना : लांबट वक्राकार ढाली, फेकण्याचे भाले, आखूड तलवारी. दुसऱ्या बाजूला केल्ट टोळ्या : लांब तलवारी, चौकटीचौकटीच्या रंगीत विजारी, ओठावर झुलणाऱ्या मिशा आणि रानडुकराच्या मुखाचे उंच रणशिंग. जेवणाच्या मेजावर हिरवे कापड अंथरावयाचे, पुस्तके खाली सारून टेकड्या करावयाच्या, निळ्या कागदाची नदी करावयाची, आणि मग पट्टीने अंतर मोजीत, फासे टाकीत लढाई खेळावयाची.

हा पोरखेळ आहे असे कोणास वाटेल. परंतु त्याला स्वतःचा इतिहास आहे. आपल्या चतुरंगापासून बुद्धिबळ झाले आणि बुद्धिबळाच्या पटावर खऱ्या रणभूमीचे डोंगर, नद्या आणि गावे आणण्याचा प्रयत्न जर्मनीत झाला. इ.स. १७८० मध्ये हेलविग नावाच्या ब्रुन्सविकच्या एका शिक्षकाने बुद्धिबळावर आधारलेला युद्धखेळ प्रसिद्ध केला. पुढे राइसविट्झ या प्रशियन गृहस्थाने उंचसखल प्रदेशाच्या सुट्या वड्या जुळवून रणभूमी मांडता येईल असे मेजच तयार केले आणि १८१२ मध्ये ते प्रशियाच्या राजापुढे आले. त्याचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने मेजाच्या जागी नकाशा आणला, तटस्थ पंच नेमला आणि १८२४ मध्ये नियमांचे पुस्तक छापले. त्या वेळचे सेनाप्रमुख म्यूफ्लिंग यांनी प्रथम अनिच्छेने हा खेळ पाहिला आणि पाहतापाहता हा खेळ नसून युद्धाची शाळा आहे असा अभिप्राय दिला, असे सांगतात. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरविल्यावर इतर राष्ट्रांच्या सेनांनीही ही पद्धत उचलली.

घरगुती खेळाची परंपरा वेगळी. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिट्ल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या शेवटी त्यांनी असे सुचविले आहे की, असल्या लुटुपुटीच्या लढाया दोनचारदा खेळल्या म्हणजे खरे युद्ध ही केवढी ढिसाळ आणि अविचारी गोष्ट असेल हे माणसाला उमगते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले! १९६० नंतर ब्रिटनमध्ये प्राचीन काळातील लढाया मेजावर खेळणाऱ्यांची मंडळे निघाली, नियमांची पुस्तके निघाली आणि रोमन विरुद्ध केल्ट ही तेथील एक आवडती जोडी ठरली.

दोन

आता नियम थोडक्यात सांगतो. कारण पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे. आम्ही खेळत होतो त्या पद्धतीत प्रत्येक तुकडीला एक अंक दिलेला असतो. रोमन पायदळाचा अंक ५, केल्ट योद्ध्यांचा ३. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी एकेक फासा टाकावयाचा आणि आलेले दान आपापल्या अंकात मिळवावयाचे. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. दोन फाशांची मिळून ३६ दाने होतात. त्यांपैकी केवळ ६ दानांत केल्ट जिंकतो, ४ दानांत बरोबरी होते आणि उरलेल्या २६ दानांत रोमन जिंकतो. मात्र केल्ट तुकडीच्या पाठीशी दुसरी केल्ट तुकडी लागून उभी असेल तर त्याचा अंक एकाने वाढतो. मग जिंकणारी दाने ६ ची १० होतात. शिवाय रोमन जिंकला तर केल्ट बहुधा मागे रेटला जातो. पण केल्ट जिंकला तर समोरची रोमन तुकडी पटावरून नाहीशीच होते.

या अंकगणितात एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे. तो असा की, केल्टाचे सारे बळ पहिल्या धडकेत असते. तो आरोळ्या ठोकीत, रणशिंगे फुंकीत, दाटीवाटीने येऊन आदळतो. त्या लाटेत रोमन रांग फुटली तर फुटली. ती टिकली तर मात्र शिस्त, पाळीपाळीने पुढे येणाऱ्या ताज्या रांगा आणि आखूड तलवारीची भोसक आपले काम करते. काही नियमांत तर केल्ट तुकड्या शत्रू जवळ दिसताच सेनापतीचे न ऐकता आपणहोऊन धावून जातात.

हे कोठून आले? हे पॉलिबियस, सीझर, लिव्ही आणि टॅसिटस यांच्या ग्रंथांतून आले. इ.स.पू. २२५ मधील तेलामोनच्या लढाईच्या प्रसंगी पॉलिबियस केल्टांच्या रणशिंगांचा कल्लोळ आणि अग्रभागी उघड्या अंगाने उभे राहिलेले योद्धे वर्णन करतो. केल्टांच्या तलवारी पहिल्या घावातच वाकत आणि त्या पायाखाली घालून सरळ कराव्या लागत, असेही तो अन्यत्र लिहितो. उत्खननांत सापडलेल्या तलवारी तपासल्यावर त्यांचा दर्जा नाना प्रकारचा दिसतो. काही मऊ, तर काही उत्तम घडणीच्या. दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रोमन सैनिकाच्या अंगावरील कड्यांचे चिलखत मूळचे केल्टांचे, असे रोमन लेखक व्हॅरो यानेच नमूद केले आहे. आणि त्या काळच्या रोमन शिरस्त्राणांची ठेवणही केल्ट कारागिरांकडून आलेली आहे. म्हणजे मेजावर जो "सुसंस्कृत" रोमन "रानटी" केल्टाशी लढत असतो, तो नखशिखान्त केल्टांच्याच कारागिरीने सजलेला असतो.

"रानटी" हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. तीस वर्षे वर्गात मी हाच शब्द लिहवून घेतला आहे. "सीझरने गॉलमधील रानटी टोळ्यांचा पराभव केला" हे वाक्य माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत लिहिले आणि मी त्यापुढे बरोबरची खूण केली.

तीन

पुतण्या रोमन घ्यावयाचा आणि मी केल्ट. त्याने खेळ शिकविला म्हणून मी निमूटपणे दुसरी बाजू घेतली, एवढेच. पहिले सात-आठ डाव मी हरलो. हरता हरता माझ्या एक लक्षात आले की, मी आता पट पलीकडच्या बाजूने पाहतो आहे. टेकडी कोठे आहे, रान कोठे आहे, रोमनांना रांग पसरावयास जागा मिळू नये म्हणून काय करावे, याचा मी विचार करू लागलो. खाली छावणी कर, असे गुरुजी म्हणाले होते ना? अर्ध्या शतकानंतर मी ती करीत होतो.

एके दिवशी आम्ही सीझरच्या गॉलमधील मोहिमा क्रमाने खेळावयास घेतल्या. आधार अर्थातच सीझरचाच ग्रंथ. इ.स.पू. ५७ मध्ये साबिस नदीच्या काठी बेल्जी गटातील नर्वी नावाच्या टोळीने रोमन सेना तळ ठोकीत असतानाच रानातून बाहेर पडून हल्ला केला. प्रसंग इतका बिकट होता की, खुद्द सीझरला एका शिपायाची ढाल घेऊन पहिल्या रांगेत जावे लागले. अखेर नर्वी हरले. सीझर लिहितो की, त्यांच्या वृद्धांनी शरण येऊन सांगितले : आमच्या ६०० सरदारांपैकी ३ उरले, आणि शस्त्र धरू शकणाऱ्या ६०,००० पुरुषांपैकी जेमतेम ५००. सीझरने दया दाखवून त्यांची भूमी त्यांच्याकडे राहू दिली.

तो डाव आम्ही खेळलो. पुढचा डाव इ.स.पू. ५४ च्या हिवाळ्याचा. सुप्रसिद्ध वक्त्या सिसेरोचा भाऊ क्विंटस सिसेरो याच्या छावणीला पडलेला वेढा. पुतण्या सैन्य मांडू लागला आणि मध्येच थांबला. म्हणाला, "काका, वेढा घालणारे पुन्हा नर्वीच आहेत. ते तर तीन वर्षांपूर्वी संपले होते ना?"

मी ग्रंथ उघडला. वेढ्यात नर्वी प्रमुख होते; त्यांच्यासोबत मित्र टोळ्याही होत्या. सुटकेसाठी आलेल्या सीझरवर ते सर्व मिळून उलटले तेव्हा त्यांची संख्या सीझर किती देतो? सुमारे ६०,०००. आणखी दोन वर्षांनी, इ.स.पू. ५२ मध्ये, अलेसियाच्या मदतीसाठी टोळ्याटोळ्यांकडून माणसे मागविण्यात आली, तेव्हा नर्वींच्या वाट्याला आले ५,०००. पाचशेंतून पाच वर्षांत पाच हजार लढवय्ये कसे होतात?

श्रोतेहो, हा ग्रंथ मी महाविद्यालयात असताना वाचला होता, पुढे शिकविलाही होता. ५७ चे प्रकरण आणि ५४ चे प्रकरण मी निदान दहा वेळा वाचले असेन. परंतु दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत असे मला कधी सुचले नाही; कारण मी नेहमी सीझरच्या खांद्यावरून पाहत होतो. जो हरला तो संपला, त्याचे पुढे काय झाले याची मला गरजच भासली नव्हती. शिपाई स्वतःच्या हातांनी पटावर मांडावे लागले तेव्हा प्रश्न पडला : हे आले कोठून?

यावर दोन उत्तरे संभवतात. पहिले सरळ आहे. सीझरला रोममध्ये आपला पराक्रम मोठा करून दाखवावयाचा होता; त्या वर्षीच्या विजयाबद्दल तेथील सिनेटने १५ दिवसांचा देवोत्सव जाहीर केला होता. दुसरे उत्तर मला अधिक विचारात पाडते. आकडा सांगितला कोणी? नर्वींच्या वृद्धांनी. ते कशासाठी आले होते? अभय मागण्यासाठी. "आमच्यात आता काही उरले नाही, आम्हांला जगू द्या" असे सांगणाऱ्याने आपली तरणी पोरे रानात आणि दलदलीत दडवून ठेवली असतील तर? हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तथापि ते खरे असेल तर जेत्याच्या पुस्तकात पराभूतांचे एक धूर्त, जीव वाचविणारे वाक्य जसेच्या तसे शिरून बसले आहे आणि आपण दोन हजार वर्षे ते सीझरची फुशारकी म्हणून वाचीत आलो आहोत.

चार

आकड्यांचा एकदा संशय आला की माणूस मोजू लागतो. या कामी जर्मन इतिहासकार हान्स डेलब्रुक (१८४८-१९२९) यांचा मार्ग मोठा उपयुक्त आहे. त्यांचा प्रश्न साधा असे : इतकी माणसे त्या जागेत मावतील काय, चालतील काय, जेवतील काय? हिरोडोटसने सांगितलेली झर्क्सिसची सेना खरी मानली तर तिचे पहिले टोक ग्रीसमध्ये लढत असताना शेवटचे टोक इराणातून निघालेलेही नसेल, असे त्यांनी दाखवून दिले. सीझरचे आकडेही त्यांनी याच कसोटीला लावले.

मेज ही कसोटी आपोआप लावते. अलेसियाच्या सुटकेसाठी आलेल्या गॉल सैन्यात सुमारे २,५०,००० पायदळ आणि ८,००० घोडदळ होते असे सीझर म्हणतो. आमचा एक बाहुला ५० माणसांचा समजला तर एवढ्या पायदळाला ५,००० बाहुले लागतील. चार रांगांत, प्रत्येकाला सेंटिमीटरभर जागा देऊन उभे केले तर रांग साडेबारा मीटर लांब होईल. आमच्या घराच्या ओटीतून निघालेली ती रांग परसदारापर्यंत जाईल! वेढ्यातील ८०,००० सैनिकांना माणशी दररोज एक किलो धान्य धरले तर एका दिवसाला ८० टन आणि तीस दिवसांना २,४०० टन होतात. हे गाड्यांवरून त्या डोंगरावर कोणी, केव्हा चढविले? असे प्रश्न ग्रंथ वाचताना पडत नाहीत. खालच्या छावणीचा जमाखर्च मांडावयास बसले की पडतात.

याचा अर्थ सीझर सर्वस्वी खोटा, असा कोणी करू नये. अलेसियाभोवती आपण आतल्या बाजूला ११ आणि बाहेरच्या बाजूला १४ रोमन मैलांची तटबंदी उभारली, खंदक खणले, जमिनीत अणकुचीदार खुंट पुरले, असे तो लिहितो. तिसऱ्या नेपोलियनने १८६१ ते १८६५ या काळात बर्गंडीतील आलीज-सँत-रेन येथे उत्खनन करविले. पुढे १९९१ ते १९९७ मध्ये फ्रेंच आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांनी मिळून ते पुन्हा तपासले. खंदक सापडले, खड्डे सापडले, सीझरचा सेनानी लाबिएनस याच्या नावाची अक्षरे असलेल्या गोफणीच्या शिसगोळ्याही सापडल्या. काही ठिकाणी मापे वर्णनाहून वेगळी निघाली. पण वेढा खरा होता. खणलेल्या मातीबद्दल तो बहुतांशी खरे बोलतो. माणसांच्या मोजदादीत मात्र त्याचा हात सैल सुटतो.

केल्ट केवळ अंध धडक मारतात, हा नियमही याच इ.स.पू. ५२ च्या मोहिमेपुढे टिकत नाही. आर्वर्नी टोळीचा तरुण नेता व्हर्सिंजेटोरिक्स याने समोरासमोरची लढाई टाळून रोमनांची रसद तोडण्याचे धोरण आखले. बिटुरिजेस टोळीची वीसहून अधिक गावे त्यांच्याच संमतीने एका दिवसात जाळण्यात आली. गर्गोव्हिया येथे त्याने सीझरला मागे हटविले. त्या एका दिवसात ४६ सेंच्युरियन आणि जवळजवळ ७०० शिपाई पडले, ही कबुली सीझरचीच. गनिमी काव्याची ओळख असलेल्या आपल्यासारख्यांना यात रानटीपणा दिसणार नाही. म्हणून मी पुतण्याला म्हटले, "नियमाच्या पुस्तकातील हा ३ चा आकडा म्हणजे सीझरचेच मत आहे. ते आता अंकांत लिहिले आहे, इतकेच."

पाच

शेवटचा डाव अलेसियाचा. त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

डोंगरमाथ्यावर व्हर्सिंजेटोरिक्स, भोवती रोमन तट, त्याबाहेर मदतीला येणारे गॉल. धान्य संपत आले तेव्हा आतल्यांनी लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. हे लोक मँडुबी टोळीचे. गाव त्यांचेच होते. त्यांनीच या सेनेला आश्रय दिला होता. बायकामुलांसह ते रोमन तटापाशी आले आणि आम्हांला गुलाम करा, पण अन्न द्या, अशी त्यांनी रडून विनवणी केली. सीझरने तटावर पहारे बसविले आणि त्यांना आत घेण्यास मनाई केली. पुढे त्यांचे काय झाले हे तो लिहीत नाही. त्याचे वर्णन दुसऱ्या विषयाकडे वळते. अडीचशे वर्षांनी कॅसियस डिओ लिहितो की, ते नगर आणि छावणी यांच्या मध्येच तडफडून मेले.

पुतण्याने पट मांडला होता. तट होते, खंदक होते, दोन्ही बाजूंचे सैनिक होते. मी विचारले, "मँडुबी कोठे आहेत?" तो म्हणाला, "काका, त्यांचे बाहुले मिळत नाहीत. आणि नियमात त्यांना अंकही नाही." त्याचे म्हणणे बरोबर होते. ज्याला अंक नाही तो लढू शकत नाही. आणि जो लढू शकत नाही त्याचे पटावर काय काम?

मी आत गेलो आणि डब्यातून ओंजळभर चिंचोके आणले. दोन्ही तटांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते ठेवले. मग आम्ही डाव खेळलो. रोमन तुकडी हलवावयाची तर हाताला चिंचोके लागत, केल्ट खाली उतरवावयाचे तरी लागत. कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी फासे माझ्या बाजूने पडले आणि वायव्येकडील टेकडीच्या पायथ्याशी रोमन रांग मी दोनदा फोडली. तरीही शेवटी हरलो. पण हार-जीत दोघांच्याही लक्षात राहिली नाही.

खऱ्या इतिहासात व्हर्सिंजेटोरिक्स शरण आला, जवळजवळ सहा वर्षे कैदेत राहिला आणि इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत मिरवून मारला गेला. अलेसियाच्या बंदिवानांपैकी सीझरने आपल्या शिपायांना माणशी एकेक गुलाम लुटीचा वाटा म्हणून दिला. रोममध्ये २० दिवस देवोत्सव झाला.

सहा

हे सर्व आपणांस कळते ते जेत्याच्या मुखातून. पराभूतांनी लिहिले नाही. त्यांना लिहिता येत नव्हते असे नाही. व्यवहारासाठी ते ग्रीक अक्षरे वापरीत, असे सीझरच सांगतो. परंतु त्यांचे पुरोहित, ज्यांना ड्रुइड म्हणत, आपली विद्या मुखोद्गतच ठेवीत आणि ती लेखणीने उतरविणे निषिद्ध मानीत. विद्या मुखोद्गत ठेवण्याचे महत्त्व आपल्या परंपरेला सांगावयास नको. मात्र आपल्याकडे पाठ करणाऱ्यांची साखळी तुटली नाही. तेथे ती तुटली आणि शेवटी गॉलिश भाषाही कोणाच्या ओठांवर उरली नाही.

१८९७ मध्ये फ्रान्समध्ये कोलिन्यी येथे काशाच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. ते पंचांग होते, रोमन अमलातील असले तरी भाषा गॉलिश. त्यात पाच वर्षांचे ६२ चांद्रमास आहेत. प्रत्येक महिन्याचे दोन भाग पाडलेले आहेत आणि पाच वर्षांत दोन अधिक मास घातले आहेत. आपल्या वेदांग ज्योतिषातील पाच वर्षांच्या युगातही ६२ चांद्रमास आणि दोन अधिक मासच आहेत. यावरून नात्याची घाईने जुळवाजुळव करू नये; आकाश सर्वांना सारखेच दिसते. पण पक्ष आणि अधिक मास मोजणाऱ्या माणसांना मी तीस वर्षे "रानटी" म्हणत होतो, हे मात्र मला विसरता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपण हरलो. तेथेही धान्य तुटले होते, तेथेही सैन्याबरोबर न लढणारी माणसे हजारोंनी होती. परंतु आपला पराभव आपणच लिहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेले कागद वाचून १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. अब्दालीची रसद तोडा म्हणून भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांकडे लावलेला तगादा आज आपण वाचू शकतो. त्र्यं. शं. शेजवलकरांनी ती भूमी पाहून, कागद तपासून, आपल्याच माणसांच्या चुका निर्भीडपणे दाखविल्या. अब्दालीच्या पक्षाने काय लिहिले एवढ्यावर आपणांस विसंबावे लागले नाही. पानिपतात आपण लढाई हरलो. पण आपली बाजू सांगण्याचा हक्क हरलो नाही. अलेसियात दोन्ही गोष्टी गेल्या.

कागद जपणे, लिहिणे, आणि लिहिता येणारी पिढी घडविणे म्हणजे काय, हे मला या तुलनेने समजले. शाळा हेच काम करतात. त्या मुलांना आपली बाजू लिहावयास शिकवितात. चांगली शाळा त्याही पुढे जाते आणि समोरच्याच्या छावणीत बसून पट पाहावयास शिकविते. गुरुजींनी मला ते एका दिवाळीत शिकविले होते. मी धडा घेतला नाही, म्हणून तो परत गिरवावा लागला.

ज्या माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर मी त्या वाक्यापुढे खूण केली, त्यांतील काहीजण आज या सभागृहात बसले आहेत. त्यांना सांगतो, ते वाक्य चुकीचे होते. त्याचे गुण मी परत मागत नाही; पण आपल्या मुलानातवंडांना ते तसे सांगू नका.

गेल्या दिवाळीला आमच्या अंगणात किल्ला झाला. बुरुजावर मावळे होते, पायथ्याला छावणी होती, छावणीत पाण्याची घागर आणि धान्याची गाडी होती. दोहोंच्या मधल्या वाटेवर पुतण्याच्या धाकट्या मुलीने काही चिंचोके ठेवले होते. ते कोण, असे शेजारच्या मुलाने विचारले. ती म्हणाली, "ही गावातली माणसं. त्यांना कुठंतरी जायला जागा ठेवायला हवी ना?"

गुरुजी असते तर त्यांनी त्या किल्ल्याला पहिला क्रमांक दिला असता, असे मला वाटते.